विमानतळावर पुढे सरकवलेलं हक्कसोडपत्र

या प्रकरणातल्या कुणाचंही नाव दिलेलं नाही, विमानतळाचंही नाही. मी वकील नाही. न्यू जर्सीत आमच्या ओळखीतल्या मराठी कुटुंबांना अर्ज भरायला, कागद लावायला मदत करते, आणि त्याच नात्याने या घरात माझं येणं-जाणं आहे. ज्यांची गोष्ट आहे त्यांना इथे काकू म्हणते, कारण एरवीही तेच म्हणते.

पार्श्वभूमी

काकूंचं वय ७४. मुलगा शिकायला अमेरिकेत आला, इथेच रमला, नागरिक झाला. २०१५ मध्ये काका गेले आणि सांगलीच्या घरात काकू एकट्या उरल्या. मुलाने ग्रीन कार्डचा अर्ज केला. अमेरिकन नागरिकाच्या आई-वडिलांना भावंडांसारखी वर्षानुवर्षांची रांग नसते, म्हणून २०१७ मध्ये कार्ड हातात आलं. पहिली काही वर्षं काकू बहुतेक इथेच होत्या. नात लहान होती, सून नोकरीला जायची. नात शाळेत रुळली तशी काकूंची सांगली पुन्हा सुरू झाली: कधी तीन महिने, कधी चार. पाच महिन्यांच्या वर मात्र कधीच नाही.

त्यांनी नागरिकत्व का घेतलं नाही, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. कारण साधं आहे. पाच वर्षांनी अर्ज करता येतो, पण परीक्षा इंग्रजीत असते. वय ५५ च्या पुढे असेल आणि कार्ड मिळून १५ वर्षं झाली असतील तर इंग्रजीतून सूट मिळते आणि नागरिकशास्त्राची परीक्षा आपल्या भाषेत देता येते. ६५ च्या पुढे वय आणि २० वर्षं झाली असतील तर प्रश्नही थोडेच असतात. साठी-सत्तरीत इथे आलेल्या आईला ही १५ आणि २० वर्षं कुठून आणायची? म्हणून आपल्याकडचे शेकडो आई-वडील शेवटपर्यंत कार्डावरच राहतात, आणि कार्डावर राहणं म्हणजे दर वेळी विमानतळावर कुणाच्या तरी मर्जीसमोर उभं राहणं.

त्यात आपल्या लोकांनी एक समजूत जपली आहे: सहा महिन्यांच्या आत एकदा अमेरिकेला शिवून यायचं, की झालं. ही समजूत दोन्ही बाजूंनी चुकीची आहे. सहा महिने ओलांडले म्हणून कार्ड आपोआप जात नाही, आणि सहा महिन्यांच्या आत शिवून आलात म्हणून ते सुरक्षितही राहत नाही. खरा प्रश्न असतो हेतूचा. तुम्ही तात्पुरते गेला होतात, की तिकडे राहायलाच गेला होतात?

१८ जुलै २०२४ ला काकू निघाल्या. गौरी-गणपती सांगलीत करायचे, दसरा उरकून २० ऑक्टोबरला परत यायचं, असं परतीचं तिकीट होतं. गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी न्हाणीघराच्या ओल्या पायरीवरून त्या घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. मिरजेला नेलं, शस्त्रक्रिया झाली, मग फिजिओथेरपी, मग वॉकर. डॉक्टरांनी जानेवारीच्या मध्यापर्यंत लांबच्या विमानप्रवासाला मनाई केली. इथवरचं सगळं कागदावर आहे.

त्यापुढचे दोन महिने मात्र अडचणीचे ठरले. घराच्या वाटणीचं काम बरीच वर्षं अडलं होतं. दीर म्हणाले, आता आलीच आहेस तर नोंदणी उरकूनच जा. काकू थांबल्या. नोंदणी मार्चच्या पहिल्या आठवड्यात झाली आणि २१ मार्च २०२५ ला त्या अमेरिकेत उतरल्या. एकूण २४६ दिवस बाहेर.

अडचण काय उभी राहिली

व्हीलचेअर ढकलणाऱ्या मुलीने पासपोर्टच्या खिडकीपर्यंत आणलं. खिडकीतल्या अधिकाऱ्याने तारखा पाहिल्या आणि काकूंना आतल्या खोलीत पाठवलं. दुपारचे पावणेतीन झाले होते. फोन वापरायचा नाही असं सांगण्यात आलं. मुलगा बाहेर, पाटीकडे डोळे लावून.

काकूंना इंग्रजी कामापुरतं समजतं, बोलता येत नाही. अधिकाऱ्याने फोनवर दुभाषी लावून दिला, पण हिंदीचा. मराठीचा मिळाला नाही, की मागितलाच नाही, ते कळायला मार्ग नाही. पुढे वकिलांनी त्या जबाबाची प्रत मिळवली. त्यात सगळ्यात आधी माझी नजर गेली ती या दोन ओळींवर. प्रश्न: तुमचं घर कुठे आहे? उत्तर: सांगली, भारत. प्रश्न: अमेरिकेत कशासाठी आलात? उत्तर: मुलाकडे.

या उत्तरांत काकू खोटं बोलल्या नाहीत आणि दुभाष्यानेही चूक केली नाही. पण काकूंच्या पिढीतल्या बाईला ‘घर’ म्हणजे जिथे ती नवरी म्हणून माप ओलांडून आली ते. मुलाच्या घरात ती वीस वर्षं राहिली, तिथला देव्हारा तिने मांडला, तिथल्या फ्रीजवर तिच्या डॉक्टरांच्या तारखा चिकटवल्या, तरी ती म्हणणार, ‘मी मुलाकडे असते.’ हे ‘कडे’ आपल्या कानाला इतकं सवयीचं आहे की त्यात पाहुणेपण आहे हे आपल्याला जाणवतही नाही. इंग्रजीत त्याचं ‘मुलाला भेटायला’ झालं. अधिकाऱ्याच्या दृष्टीने बाईने स्वतःच सांगून टाकलं की ती भारतात राहते आणि इथे भेटीला येते.

त्यानंतर फॉर्म पुढे आला. आय-४०७. कायम रहिवासी असण्याचा हक्क मी स्वखुशीने सोडत आहे, अशी नोंद करणारा फॉर्म. न्यायाधीशासमोर सुनावणी मागण्याचा माझा हक्कही मी सोडते, हे त्या सहीतच येतं. काकूंना जे सांगितलं गेलं ते त्यांच्या आठवणीप्रमाणे असं: सही केलीत तर आज पाहुणी म्हणून मुलाला भेटू देता येईल, नाही केलीत तर अटकही होऊ शकते.

अधिकारी उद्धट नव्हता. त्याने पाणी आणून दिलं, पाय वर ठेवायला दुसरी खुर्ची दिली. काकू हे आजही आवर्जून सांगतात आणि मीही लिहिते, कारण या प्रकरणाला वाईट माणूस लागलाच नाही. शांत आवाज, दमलेली म्हातारी, चौदा-पंधरा तासांचा प्रवास आणि एक पेन एवढं पुरलं.

कायद्याने कुणाला काय अधिकार आहे

विमानतळावरचा अधिकारी ग्रीन कार्ड काढून घेऊ शकत नाही. कार्डाचं प्लास्टिक तो ठेवून घेऊ शकतो, पण त्यामागचा दर्जा रद्द करण्याचा अधिकार त्याला नाही. माणसाने दर्जा सोडला असं सरकारचं म्हणणं असेल तर सरकारने तसं आरोपपत्र, म्हणजे ‘नोटीस टू अपिअर’, द्यायचं आणि इमिग्रेशन न्यायाधीशासमोर सिद्ध करायचं. पुराव्याचं ओझं सरकारवर असतं आणि ते हलकं नसतं: पुरावा स्पष्ट आणि खात्री पटवणारा लागतो. १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलेला रहिवासी नव्याने प्रवेश मागतो आहे असं कायदा धरू शकतो, एवढाच त्या आकड्याचा परिणाम. एक वर्ष ओलांडलं तर नुसत्या कार्डावर परत येता येत नाही. काकू या दोहोंच्या मधे होत्या.

मग फॉर्म का पुढे करायचा? कारण सही मिळाली की हे काहीच करावं लागत नाही. आरोपपत्र नको, न्यायाधीश नको, पुरावा नको. जो हक्क सरकारला कष्टाने, उघड्या दालनात हिरावून घ्यावा लागला असता, तो माणसाने आपण होऊन दिला अशी नोंद होते. अमेरिकेतल्या नागरी स्वातंत्र्याची चर्चा मोठमोठ्या आदेशांवर आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांवर चालते. मला मात्र वाटतं, स्वातंत्र्य सगळ्यात जास्त गळतं ते अशा ‘स्वखुशी’च्या सह्यांतून. त्यांचा निकाल कुठे छापून येत नाही. अपीलही क्वचितच होतं.

आणि हे आजचं नाही. १९४८ मध्ये बफेलो शहरात पंचवीस वर्षं राहिलेला इग्नाट्झ मेझेई नावाचा सुतार मरणाला टेकलेल्या आईला भेटायला रुमानियाला निघाला. तिथे प्रवेश मिळाला नाही, तो हंगेरीत एकोणीस महिने अडकला आणि १९५० मध्ये परत आला तर अमेरिकेने त्याला न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस बेटावरून आत घेतलंच नाही. कारण गुप्त, पुरावा गुप्त, सुनावणी नाही. दुसरा कुठला देशही त्याला घेईना, म्हणून तो बेटावरच अडकून पडला. १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सरकारची बाजू उचलून धरली. न्यूरेंबर्गला नाझींवर खटला चालवून आलेले न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी विरोधी मत लिहिलं. कडक कायदे एक वेळ सोसता येतात, पण ते रीतसर आणि निःपक्षपणे वापरले गेले पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं होतं. मेझेईची कोंडी सुरू झाली तेव्हा राष्ट्राध्यक्ष ट्रुमन होते, डेमोक्रॅट पक्षाचे. म्हणून ‘अमुक पक्ष आला की असं होतं’ असं कुणी म्हणालं की मला मेझेई आठवतो. सीमेवरच्या अधिकाऱ्याला मोकळं रान देणं दोन्ही पक्षांनी केलं आहे.

पुढे १९८२ मध्ये मारिया प्लासेन्सिया यांच्या खटल्यात न्यायालयाने मान्य केलं की थोडक्या दिवसांच्या प्रवासाहून परतणाऱ्या कायम रहिवाशाला राज्यघटनेतलं रीतसर प्रक्रियेचं संरक्षण मिळतं. पण मेझेईचा निकाल स्पष्ट शब्दांत रद्द कधीच झाला नाही. बाहेर जितके जास्त दिवस, तितकी जमीन भुसभुशीत.

हे मान्य करूनही मार्च २०२५ वेगळा होता. ८ मार्चला कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या आणि तिथल्या पॅलेस्टाइनच्या बाजूच्या निदर्शनांत पुढे असलेल्या महमूद खलील याला न्यूयॉर्कमध्ये त्याच्या राहत्या इमारतीतून नेण्यात आलं. त्याच्याकडे ग्रीन कार्ड होतं, त्याच्यावर कुठल्या गुन्ह्याचा आरोप नव्हता. त्याचं इथे असणं परराष्ट्र धोरणाला बाधक आहे, एवढं परराष्ट्रमंत्र्यांनी ठरवलं होतं. त्याच आठवड्यात उपराष्ट्राध्यक्ष व्हॅन्स दूरचित्रवाणीवर म्हणाले की ग्रीन कार्डवाल्याला अमेरिकेत अनिश्चित काळ राहण्याचा हक्क नाही. खलीलची मतं कुणाला पटोत न पटोत. वरून असं बोललं गेलं की खालच्या खोलीत फॉर्म पुढे करणारा हात जास्त सहज पुढे येतो, असं माझं मत आहे.

कोणते पर्याय होते

मुलाचा फोन मला साडेचारला आला. तो गाडीतळाच्या तिसऱ्या मजल्यावर उभा होता आणि त्याला आत काय चाललंय ते फक्त अंदाजाने माहीत होतं. एका दुसऱ्या प्रवाशाने बाहेर येऊन सांगितलं होतं की एक साडीतली आजी कुठल्यातरी कागदावरून आत बसून आहेत.

मुलाचं म्हणणं, आईने सही करावी. बाहेर येऊ दे, घरी आणू, मग वकील बघू. खुब्यात रॉड असलेल्या आईला कोठडीत ठेवलं तर काय, ही भीती त्याच्या आवाजात होती, आणि ती खोटी नव्हती. सून ठाम होती: सही झाली की मागे फिरणं अवघड. मी सुनेच्या बाजूची. २०१७ च्या जानेवारीत, काही मुस्लिमबहुल देशांवरच्या ट्रम्प यांच्या प्रवासबंदीच्या दुसऱ्या दिवशी, वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळावर दोन तरुण येमेनी भावांकडून हाच फॉर्म सही करून घेऊन त्यांना विमानात बसवून परत पाठवलं होतं. ते पुन्हा येऊ शकले, पण त्यासाठी फेडरल न्यायालयात खटला उभा राहावा लागला आणि देशभराचं लक्ष त्या विमानतळांवर होतं. आमच्या काकूंसाठी कोण उभं राहणार होतं?

तिसरा पर्याय मधला होता. तपासणी आज पूर्ण न करता पुढची तारीख द्या, आम्ही दवाखान्याचे कागद घेऊन येतो, असं मागता येतं. अधिकाऱ्याच्या इच्छेवर असतं, पण मागता येतं. आम्ही वकिलाला फोन लावला, त्यांनीही हेच सांगितलं. शिवाय सांगितलं की ते आत जाऊ शकत नाहीत. या तपासणीच्या टप्प्यावर, माणसावर फौजदारी चौकशी नसेल तर, वकील सोबत असण्याचा हक्क नियमाने मिळत नाही.

आम्ही तिघं-चौघं असा दीड तास फोनवर भांडलो. त्यातलं एक अक्षर काकूंपर्यंत पोचलं नाही. निर्णय घेणारी व्यक्ती आत एकटी होती.

प्रत्यक्षात काय केलं गेलं

जानेवारीत एका हळदीकुंकवाला मी अर्ध्या पानाचा मजकूर वाटला होता, ज्यांचे आई-वडील भारतात आहेत अशा बायकांना. वर मराठी, खाली इंग्रजी: ‘मला हा कागद समजला नाही. मला सही करायची नाही. मला न्यायाधीशासमोर सुनावणी हवी आहे.’ सुनेने त्याचा फोटो सांगलीला पाठवला, पुतण्याने झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणला आणि काकूंनी तो घडी करून गोळ्यांच्या डब्याला गुंडाळला, डबा पर्समध्ये उघडू नये म्हणून. त्यांनी तो वाचलाही नव्हता.

चारच्या सुमारास त्यांनी साखरेची गोळी घ्यायला डबा काढला. सोबत दशम्यांचा पुडा होता, त्यातली अर्धी खाल्ली. कागद उलगडला गेला. काकू सांगतात, तो वाचताना त्यांना सगळ्यात आधी १९८३ आठवलं. वडील गेल्यावर तिसऱ्या महिन्यात भाऊ माहेरी बोलावून घेऊन गेला होता, नवी साडी दिली होती, जेवणं झाल्यावर कागद पुढे ठेवला होता. ‘ताई, इथे सही कर, तलाठ्याकडे द्यायचाय.’ ते हक्कसोडपत्र होतं. काय लिहिलंय ते कुणी वाचून दाखवलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. भावावर अविश्वास कसा दाखवायचा? चार एकरांतला आपला वाटा आपण लिहून दिला हे त्यांना पुढे कितीतरी वर्षांनी सातबाऱ्यावर नाव नाही हे दिसल्यावर कळलं.

मला त्या म्हणाल्या, ‘तेव्हाही सगळे गोडच बोलत होते गं.’

त्यांनी तो अर्धा कागद टेबलावरून अधिकाऱ्याकडे सरकवला आणि त्याचं पेन परत केलं. अधिकाऱ्याने दुभाष्यातर्फे पुन्हा विचारलं, परिणाम समजतात का? काकू हिंदीत म्हणाल्या, ‘जज साहब के सामने बोलूँगी।’ त्यांनी तीन वेळा तेच वाक्य म्हटलं. त्यांना दुसरं हिंदी वाक्य सुचत नव्हतं, आणि दुसऱ्याची गरजही पडली नाही.

मग वरिष्ठ अधिकारी आली. तिने कागद पाहिले, मिरजेच्या दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड पाहिलं. ते कार्ड काकूंच्या हातपिशवीत पहिल्यापासून होतं. आधीच्या तीन तासांत ते कुणी मागितलं नव्हतं आणि दाखवायचं असतं हे काकूंना माहीत नव्हतं. सव्वानऊला त्या बाहेर आल्या. ग्रीन कार्ड ठेवून घेतलं होतं, पासपोर्टवर तात्पुरत्या दर्जाचा शिक्का होता आणि हातात ‘नोटीस टू अपिअर’. मुलाने आईला पाहिलं आणि तो खाली बसला, तिथेच फरशीवर.

दुसऱ्या दिवसापासून कागद जमवणं. या भागात फारसं सांगण्यासारखं नाही, चिकाटीचं काम आहे. दवाखान्याची बिलं, एक्स-रे, फिजिओथेरपीच्या नोंदी, डॉक्टरांचं प्रवासमनाईचं पत्र, ऑक्टोबरचं मूळ तिकीट आणि ते बदलल्याच्या पावत्या. इकडची बाजू: दर वर्षी भरलेली करविवरणपत्रं, बँकेचं खातं, राज्याचं ओळखपत्र, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या इथल्या डॉक्टरांच्या ठरलेल्या आणि नंतर रद्द केलेल्या वेळा. करविवरणपत्रं रहिवासी म्हणूनच भरली होती हे नशीब. थोडा कर वाचवायला काही मुलं आईचं विवरणपत्र अनिवासी म्हणून भरतात, आणि मग सरकारी वकिलाला वेगळा पुरावा शोधावा लागत नाही.

निकाल

पहिली तारीख चार महिन्यांनी मिळाली. त्या सुमाराला या न्यायालयांत तीस लाखांहून अधिक प्रकरणं तुंबलेली होती, त्या मानाने ती लवकरच म्हणायची. सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. फौजदारी आरोपीला मिळतो, इमिग्रेशनच्या आरोपीला नाही. मुलाने स्वतःच्या पगारातून वकील दिला, सगळे देऊ शकत नाहीत.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना माहीत नसते. ‘इमिग्रेशन न्यायाधीश’ हे स्वतंत्र न्यायव्यवस्थेतले न्यायाधीश नसतात. ते न्याय खात्याचे नोकर असतात आणि त्या खात्याचे प्रमुख म्हणजे ॲटर्नी जनरल. २०२५ मध्ये अशा बऱ्याच न्यायाधीशांना कामावरून काढण्यात आलं. म्हणजे ज्या दारावर आम्ही काकूंना मोठ्या विश्वासाने पाठवत होतो, ते दारही सरकारच्याच वाड्यातलं. तरीही ते दार आहे: तिथे पुरावा मांडता येतो, समोरच्याचं म्हणणं खोडता येतं, निकालावर अपील करता येतं, आणि शेवटी खऱ्या न्यायालयापर्यंत जाता येतं. त्या आतल्या खोलीत यातलं काही नव्हतं.

दुसऱ्या तारखेला सरकारी वकिलाने जबाबातल्या त्याच दोन ओळी वाचल्या: घर सांगली, आले मुलाकडे. वाटणीच्या नोंदणीची तारीखही विचारली. आमच्या वकिलांनी मराठी दुभाषी मागवला होता. न्यायाधीशांनी काकूंना विचारलं, तुम्ही कायमच्या कुठे राहता? काकू म्हणाल्या, ‘राहते इथे. घर तिकडे आहे.’ दुभाष्याने ही दोन क्रियापदं वेगवेगळी भाषांतरित केली. मी मागच्या बाकावर बसले होते, आणि त्या दुभाष्याचे आभार मानायला पुढे जावंसं मला वाटलं.

वैद्यकीय कागद आणि मूळ तिकीट पाहिल्यावर सरकारी बाजूने प्रकरण पुढे चालवलं नाही आणि न्यायाधीशांनी ते बंद केलं. कार्ड टपालाने परत आलं. सगळ्याला आठ महिने लागले.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात मोठी चूक २०२४ च्या जुलैच्या आधीची आहे. पुनर्प्रवेश परवाना, आय-१३१ नावाच्या फॉर्मवर मागायचा, काढलाच नाही. तो अमेरिकेत असतानाच मागावा लागतो, बोटांचे ठसे द्यावे लागतात, आणि साधारण दोन वर्षं चालतो. तो असला म्हणून प्रवेशाची हमी नसते, पण मी परत येणार आहे हे मी जाण्याआधीच लिहून दिलं होतं, याचा तो पुरावा असतो. सत्तरी ओलांडलेला माणूस पावसाळ्यात भारतात जातो तेव्हा आजारपण धरूनच चालायला हवं. तीन महिन्यांसाठीच तर जातेय, म्हणून कुणी काढत नाही. मीही सुचवलं नव्हतं.

दुसरी गोष्ट जानेवारी ते मार्च. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर काकूंनी निघायला हवं होतं आणि नोंदणीसाठी कुलमुखत्यारपत्र करता आलं असतं. अधिकाऱ्याच्या संशयाला जर कुठे आधार होता तर तो या दोन महिन्यांत होता, हे मी कबूल करते. पण संशय घेणं आणि सही मागणं यांत अंतर आहे. संशय असेल तर त्याने आरोपपत्र द्यावं, तोच त्याचा कायदेशीर मार्ग होता, आणि सहा तासांनी त्याने तेच केलं. मधले तास त्या बाईच्या दमण्यावर लावलेली पैज होती.

तिसरी, कागद. डिस्चार्ज कार्ड पहिल्या खिडकीवरच काढून दाखवायला हवं होतं. आता मी सगळ्यांना सांगते की पासपोर्टच्या वर, पहिला कागद तोच ठेवा, पारदर्शक पाकिटात.

आणि भाषा. दुभाषी मराठीच मागा, थांबावं लागलं तरी. हिंदी येतं म्हणून हिंदीत होकार देऊ नका. ‘मुलाकडे असते’ न म्हणता ‘मी न्यू जर्सीत राहते’ असं म्हणायचं, हे मी आता काकूंच्या वयाच्या बायकांकडून अक्षरशः म्हणवून घेते. मला ते करताना वाईट वाटतं. आयुष्यभर जी भाषा बोलल्या तिच्यातलं एक ‘कडे’ मी त्यांना सोडायला सांगते आहे.

त्या अर्ध्या पानाबद्दल माझं मत बदललेलं नाही, पण त्याच्यावरचा माझा विश्वास कमी झाला आहे. काकूंनी पेन परत केलं ते त्या कागदामुळे की १९८३ मुळे? त्यांना विचारलं तर त्या म्हणतात, दोन्ही. ज्या बाईने कधी काही गमावलेलं नाही तिला तो कागद पुरला असता का, हे मला सांगता येत नाही. म्हणून मुलांनी आई-वडिलांना विमानात बसवण्याआधी एकदा समोर बसवून हे बोलून घ्यावं. कागद पर्समध्ये टाकून भागत नाही.

या दिवाळीनंतर काकूंनी घरात विषय काढला. खुबा थंडीत दुखतो, नात आता स्वतःच्या खोलीत असते, सांगलीत वाटणीत आलेल्या दोन खोल्या रंगवून तयार आहेत. ग्रीन कार्ड सोडून द्यावं आणि दर वर्षी पाहुणी म्हणून यावं, असं त्यांच्या मनात आहे. मुलगा चिडला. एवढं भांडून मिळवलं ते सोडायला? काकू म्हणाल्या, ‘सोडायचं तर मी सोडीन. त्यांनी सोडायला लावलं म्हणून नाही.’

सुनेने आय-४०७ चा कोरा फॉर्म छापून दिला आहे. काकूंनी तो मुलाकडून ओळ न ओळ मराठीत वाचून घेतला, दोन ठिकाणी थांबवून अर्थ पुन्हा विचारला. सध्या तो स्वयंपाकघरात गोळ्यांच्या डब्याखाली आहे. सही अजून केलेली नाही.